हिरव्या शाईतला शेरा

मुकुंदा,

मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर अडीचशे शब्द मागितले होते, ते मी परवाच देऊन टाकले. इंग्रजीचा व्यासंगी, शिस्तीचा भोक्ता, मित्रांचा मित्र, असं सगळं त्यात आहे. एकही शब्द खोटा नाही, आणि तरी वाचताना मला माझीच लाज वाटली. तुझ्या नावानं शाळेतल्या मुलांसाठी इंग्रजी निबंधस्पर्धा सुरू करायची असंही शोकसभेत ठरलं. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत एवढंही आपल्या लोकांना कळत नाही. पण मीही वाजवल्या. आता हे दुसरं लिहितोय ते छापायला नाही. तुला सांगायला आहे. जिवंतपणी तू मला याविषयी एक वाक्य कधी पुरं करू दिलं नाहीस.

माझ्या कपाटात, कुसुमच्या साड्यांच्या खालच्या फळीवर, सहा वर्षं एक कागद पडून होता. तो फाडला असं मी तुला सांगितलं होतं. नाही फाडला. त्याच्या समासात तुझ्या हिरव्या शाईत दोन इंग्रजी शब्द आहेत आणि खाली तुझी झोकदार सही. त्या दोन शब्दांपायी मुनियप्पाचा उजवा हात गेला. तुझ्या मुलाचा फोन आला, "काका, बाबा गेले," तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? आता हा शेरा खोडणार कोण, हे आलं. रडू त्यानंतर आलं. भरपूर आलं, ते नाकारत नाही.

तू सांगलीचा, मी अमरावतीचा. एकाच दिवशी या कन्नड मुलखातल्या सरकारी कारखान्यात रुजू झालो, आणि इंदिरानगरात एक खोली घेऊन राहिलो. तेव्हा तिथं घरांपेक्षा रिकामे प्लॉट जास्त होते. पहिल्याच वर्षी मला टायफॉइड झाला. तू मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून, स्वतः खाली उतरून ढकलत दवाखान्यात नेलंस. एकवीस दिवस पेज करून घातलीस. पेज तुला येत नव्हती. घरमालकीण अक्कांकडून शिकून आलास आणि तरी रोज लागायचीच. ती करपलेली पेज मी विसरलो असतो तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

अव्हेन्यू रोडच्या फुटपाथवरून तू तो पुठ्ठा नसलेला इंग्रजी शब्दकोश आणलास तेही त्याच वर्षी. दर रविवारी त्यातला एक जुनाट शब्द काढायचा आणि आठवडाभर वापरून वापरून लोकांना वात आणायचा, हा तुझा छंद. बाकीचे शब्द आले आणि गेले. एक मात्र तुला चिकटला तो चिकटलाच. ॲरंट.

किती रंगून सांगितला होतास तू तो! मूळ अर्थ नुसता भटका. गावोगाव फिरणारा चोर तो भटका चोर. पण असे भटके सगळे पोचलेलेच निघायचे, म्हणून हळूहळू भटकेपणा गळून पडला आणि पोचलेपणा तेवढा उरला. मग लुच्चा असो, मूर्ख असो की भित्रा, ज्याच्या आधी हा शब्द लागला तो अगदी पुरता, नखशिखान्त तसा. "आणि गंमत बघ गड्या," तू म्हणालास, "हा चांगल्याला लागतच नाही. ॲरंट सज्जन असा कुणी नसतो." आता हा शब्द साहेबसुद्धा बोलत नाहीत, पुस्तकात तेवढा उरलाय, हे सांगताना तुला असा आनंद झाला होता जसा कुणाला जुन्या बाजारात पितळी दिवा मिळावा.

मग कँटीनचं सांबार ॲरंट पाणी झालं. मीटर न टाकणारा ऑटोवाला ॲरंट लबाड झाला. माझी मंजू दुसरीत असताना घरी येऊन म्हणाली, "बाबा, आजचं गणित ॲरंट होतं," तेव्हा तू तिला खांद्यावर घेऊन नाचलास.

आपलं भांडण होतं ते याला मराठी शब्द कोणता यावर. मी म्हणालो, अट्टल. तू म्हणालास, अट्टल माणसाला लागतो. चोर अट्टल, दारुडा अट्टल, पण मूर्खपणा अट्टल म्हणशील का? मी म्हणालो, ठार. तू म्हणालास, ठार वेडा, ठार बहिरा, पुढे गाडी अडते. धादांत? तो खोट्याशिवाय कुणाच्या घरी जात नाही. शेवटी मी म्हणालो, अरे मग शुद्ध म्हण, शुद्ध गाढवपणा. त्यावर तू हसलास. "तूपही शुद्धच असतं की रे दत्तू. जो तुपाला लागतो तो याला चालायचा नाही." पंचवीस वर्षं हे चाललं. मराठीत याच्या कामाला सहा शब्द लागतात आणि सहाही अपुरे पडतात, असं तुझं म्हणणं. आपली भाषा माणसाला परतायला थोडी जागा ठेवते, असं माझं.

तुला परतायला जागा नको असायची. त्या शब्दात तुला तेच आवडायचं, हे मला फार उशिरा कळलं.

कारखान्यातली दुसरी एक रीत तूच मला पहिल्या आठवड्यात शिकवली होतीस. फाइलवरचा शेरा चुकला, तर तो खरवडायचा नाही, शाई ओतायची नाही. एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचं लिहिलेलं वाचता आलं पाहिजे. शेजारी आद्याक्षरं आणि तारीख. आणि रेघ मारायची ती ज्यानं लिहिलं त्यानंच. साहेबाचा साहेब आला तरी दुसऱ्याचा शेरा खोडता येत नाही. माझ्या पहिल्याच नोंदीत मी आकडा खरवडला होता, तर तू कागद माझ्यासमोर धरून म्हणालास, "चुकलास ते चाललं. लपवलंस ते नाही चालणार."

तू वर चढत गेलास. मी तपासणी विभागातच राहिलो, त्याचं मला दुःख नव्हतं. लोखंडाचं ओढून-ताणून खरं-खोटं करायचं काम मला आवडायचं. सहा वर्षांपूर्वी मार्चमध्ये क्रेनचे नवे हूक आले, आपल्याच शॉपमध्ये वापरायचे. तीन काढून मी ताणून पाहिले. दोन टिकले, तिसऱ्याला गळ्याशी केसाएवढी चीर गेली. मी नोंद लिहिली: सगळा लॉट बाजूला ठेवावा, एकेक तपासल्याशिवाय वापरू नये. नोंद तुझ्याकडे गेली, कारण वर्क्स मॅनेजर तू. वर्षाखेरीचा शेवटचा आठवडा होता, क्रेन थांबवल्या तर माल बाहेर पडणार नव्हता. दुसऱ्या दिवशी कागद परत आला. समासात हिरव्या शाईत: ॲरंट नॉन्सेन्स. खाली सही.

खरं सांगतो, मी पहिल्यांदा हसलो. वाटलं, आपलीच रविवारची थट्टा. मग सही पाहिली. तुझ्या केबिनमध्ये आलो तर तू मानही वर केली नाहीस. "तीनातला एक गेला म्हणून दोनशे टाकून देऊ? शेरा वाचलास ना? विषय संपला." साधं ‘मान्य नाही’ लिहिलं असतंस, तर मी पुन्हा लिहिलं असतं, वाद घातला असता. ‘पुन्हा तपासा’ लिहिलं असतंस तर तपासले असते. त्या शब्दानं मी नुसता चुकीचा ठरलो नाही. माझं म्हणणं विचारात घेण्याच्याच लायकीचं उरलं नाही. आणि मी, तुझा पंचवीस वर्षांचा दोस्त, मूग गिळून खाली उतरलो.

अठरा दिवसांनी हूक उघडला. खाली मुनियप्पा होता.

मुनियप्पा आठवतो ना रे तुला? देवनहळ्ळीचा, क्रेनच्या दोऱ्या बांधणारा. दर गणपतीला आपल्या दोघांसाठी घरच्या झाडाची पपनसं पिशवीतून आणायचा. "सार, स्वल्प आंबट आहे या वर्षी," असं दर वर्षी म्हणायचा आणि ती दर वर्षी गोडच निघायची. वरून गिअरचा डबा आला तो त्याच्या उजव्या हातावर. चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. मी धावत गेलो तेव्हा तो ओरडत नव्हता. हाताकडे बघत होता आणि कुणाचा तरी दुसऱ्याचाच आहे असं त्याच्या तोंडावर होतं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी तू आलास. स्कूटरच्या डिकीतून फाइल काढलीस. कुसुमनं उप्पीट केलं होतं, ते तू खाल्लंस. संपवलंस, बशीसुद्धा उचलून आत ठेवलीस. हे मला अजून उमगत नाही, की ते तुझ्या घशाखाली उतरलं कसं. मग तू एक टाइप केलेला कागद, खाली कार्बन प्रत जोडून, माझ्यासमोर ठेवलास. तीच नोंद, तीच तारीख, फक्त मजकूर वेगळा: तीनही हूक चाचणीत उतरले. खाली माझ्या सहीची जागा.

"रजिस्टरचं मी बघतो," तू म्हणालास. "चौकशी सोमवारी सुरू होतेय."

"मुकुंदा, त्याचा हात गेलाय."

"तो आता कशानं परत येणार आहे? माझं घर जाईल दत्तू. शालिनीला काय सांगू मी?"

"मग शेरा खोड. रेघ मार, सही कर. चूक झाली म्हण. तूच शिकवलंयस ना?"

तुझ्या खिशाला तो हिरवा पेन होता, मी त्याच्याकडे बघत होतो. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. मग तू म्हणालास, "खोडला तर लिहिला होता हे सिद्ध होतं." टायफॉइडचं नावही तू काढलं नाहीस. तेवढा मानी होतास. पण माझ्या नाकात त्या करपल्या पेजेचा वास आला, आणि मी सही केली.

मूळ कागद तू माझ्याकडे सरकवलास. "फाडून टाक." विश्वास होता तुझा माझ्यावर. मी तो आतल्या खोलीत नेला आणि कपाटात ठेवला. नव्या नोंदीची कार्बन प्रतही त्याच्याबरोबर ठेवली. का ठेवले, विचारू नकोस. वाटायचं, एक दिवस तू येशील, कागद मागशील आणि रेघ मारशील. कुणाला दाखवायला नाही, मलाच दाखवायला.

चौकशीत मला एकच प्रश्न झाला. "ही सही तुमचीच?" मी म्हणालो, "हो." निष्कर्ष असा, की हूक उत्तम होते, मुनियप्पा निष्काळजीपणे ओझ्याखाली उभा राहिला. त्याच्या सेवापुस्तकात तसा शेरा पडला. त्याला गेटवर बसवला, डाव्या हातानं पास तपासायला. दीड वर्षात तो नोकरी सोडून गावी गेला. त्या गणपतीला पपनसं आली नाहीत. कुसुमनं विचारलं, "मुनियप्पा आला नाही का यंदा?" मी तिलाही काही सांगितलं नाही.

आणि आपले रविवार परत सुरू झाले! याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. तू तसाच यायचास, शब्दकोश काखेत मारून. फक्त तो एक शब्द तू पुन्हा कधी उच्चारला नाहीस. कँटीनचं सांबार नुसतं पातळ झालं. एकदा मंजूनं सहज तो शब्द वापरला, तर तू पाणी प्यायला उठलास. तेव्हा मला कळलं, की तुला सगळं आठवतंय. विसरला असतास तर मी तुला माफ केलं असतं. एकदाच, जिन्यात चपला घालताना तू विचारलंस, "फाडलास ना तो?" मी म्हणालो, "हो." तू माझ्या खांद्यावर थोपटलंस. खोटं बोलण्यात तोवर मीही तयार झालो होतो.

मागच्या महिन्यात तुझा फोन आला, दवाखान्यातून. आवाज खोल गेला होता. "दत्तू," तू म्हणालास, "तो शब्द आठवतो का?" सहा वर्षांनी तू तो विषय काढत होतास. मी म्हणालो, "आठवतो." मी वाट पाहिली. कुसुम खुणेनं विचारत होती, कोण आहे. मग तू म्हणालास, "निखालस चालेल का रे त्याला?"

मी म्हणालो, "निखालस खोट्याला लागतो."

"हं," तू म्हणालास. "तेच." आणि नर्स आली म्हणून फोन ठेवलास.

यातून मी काय घ्यायचं? तू कबुली देत होतास की शब्दकोडं सोडवत होतास? गेले तेरा दिवस मी हे एकच चघळतोय. एखादा सहृदय माणूस म्हणेल, त्यानं सांगितलं रे तुला, त्याच्या पद्धतीनं. मी म्हणतो, मला त्याची पद्धत नको होती. मला एक रेघ हवी होती.

शालिनीवहिनींनी चार दिवसांपूर्वी मला शब्दकोश दिला. "तुम्हा दोघांचाच तो, भाऊजी," म्हणाल्या. घरी येऊन मी अधाशासारखा ते पान उघडलं. काही नव्हतं. खूण नाही, रेघ नाही, चिठ्ठी नाही. तुझ्या बोटांच्या मळानं पानाचा कोपरा काळा झाला होता एवढंच. मी तिथंच जमिनीवर बसलो आणि तुला शिव्या दिल्या. सांगलीच्या दिल्या, तुझ्याचकडून शिकलेल्या.

काल दोन्ही कागद घेऊन देवनहळ्ळीला गेलो. सहा वर्षांत पहिल्यांदा. बसनं फक्त दीड तास लागतो, हेही कालच कळलं. किल्ल्यापलीकडची शेतं मोडून ले-आउट पडतायत, दगड रोवलेत, पण मुनियप्पाचं घर आणि ते झाड आहे. "बन्नि सार," या म्हणाला, आणि डाव्या हातानं खुर्ची पुसली. केस पांढरे झालेत. तू गेल्याचं सांगितलं. त्यानं मान हलवली. मग मी कागद काढले, झाडाखालच्या दगडी कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवले. त्याला इंग्रजी येत नाही. वारा होता, म्हणून त्यानं उजव्या हाताचा तो उरलेला अंगठा कागदांवर दाबून धरला.

"इदरल्लि एनु बरेदिदे?" यात काय लिहिलंय, म्हणून त्यानं विचारलं.

पंचवीस वर्षं आपण ज्याच्यावर भांडलो, तो अर्थ मला माझ्या मोडक्या कन्नडमध्ये त्या माणसाला सांगायचा होता. मी पहिल्या कागदावर बोट ठेवलं. म्हणालो, हे मी लिहिलं होतं. हूक वाईट आहेत, वापरू नका. ते खरं होतं. आणि या बाजूला हिरव्या शाईत आमच्या साहेबांनी लिहिलंय, की हे... मी अडलो. मग जो शब्द आला तोच बोललो: "शुद्ध सुळ्ळु." निव्वळ खोटं.

त्यानं दुसऱ्या कागदाकडे बघितलं. "आणि हा दुसरा?"

"हा मागाहून केला. यात लिहिलंय की हूक चांगले होते."

"यारु बरेदिद्दु?" कुणी लिहिलं?

मी तुझं नाव घेऊ शकलो असतो, मुकुंदा. टाइप तू करून आणलं होतंस. तेच सांगायला मी गेलो होतो, असं मला आता वाटतं. एवढी वर्षं तो कागद मी जपला, तो तुझं लिखाण होतं म्हणून. शेजारी ठेवलेल्या कार्बन प्रतीकडे मी धड पाहिलंच नव्हतं. तिच्यावर सही एकच होती.

"मी," म्हणालो.

मुनियप्पानं अंगठा उचलला आणि तुझा कागद सोडून माझ्या कागदावर ठेवला. आवाज चढवला नाही. "हागादरे सार," तो म्हणाला, "शुद्ध सुळ्ळु इदु." तर मग निव्वळ खोटं हे आहे.

तूप नाही आठवलं मला त्या क्षणी. शब्द अगदी बेतून घेतल्यासारखा बसला.

मी पेन काढला. माझ्या नोंदीवर एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी आद्याक्षरं घातली, कालची तारीख घातली. रेघ मारून होईपर्यंत त्यानं कागद धरून ठेवला. तुझ्या शेऱ्याला मी हात लावला नाही. तो तूच खोडायचा होतास. दोन्ही कागद त्याला दिले आणि सांगितलं, हे युनियनला दाखव, वकिलाला दाखव, मी येऊन सांगेन. माझ्या निवृत्तीला चौदा महिने आहेत. तेवढे मला नोकरीत काढू देतील असं वाटत नाही. तुझी निबंधस्पर्धाही बहुधा होणार नाही. वहिनींना मी उद्या स्वतः जाऊन सांगणार आहे.

"सरी," बरं म्हणाला मुनियप्पा, आणि कागद घेऊन आत गेला. झाड पपनसांनी लगडलं होतं. मी थोडा वेळ थांबलो. तो बाहेर आला नाही. मग मी बस पकडली.